पाळकांचं ताट

आमच्या मंडळीत पाळकांचं ताट वेगळं असतं. प्रत्येक ख्रिस्ती घरात एक काचेची प्लेट नाहीतर एक जड स्टीलचं ताट फळीवर सगळ्यांत वर, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. ते पाहुण्यासाठी निघत नाही, जावयासाठीही निघत नाही. रविवारी उपासना संपली की ज्या घराचा नंबर असेल त्या घरी पाळकसाहेब जेवायला येतात, तेवढ्यापुरतंच ते खाली उतरतं. उदगीरला लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघते आहे, आणि कुणाचा नंबर कधी हे वहीत लिहून ठेवायचं आणि दर महिन्याला पाळकांना तशी चिठ्ठी द्यायचं काम माझ्याकडे आहे. मी शाळेत बाई होते. माझं अक्षर चांगलं आणि जीभ वाईट, असं आमचे हे जिवंत होते तोवर चारचौघांत सांगायचे.

आता वय झालं. दुपारी जेवण झालं की डोळा लागतो. पुरती झोप येत नाही, पुरती जागही राहत नाही, आणि त्या मधल्या वेळात मला ती रविवारची जेवणं दिसतात. कुणाचं घर आहे ते कळत नाही, सगळी घरं एकमेकांत मिसळून जातात. खिडकीला पडदा ओढलेला असतो, त्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येऊन टेबलावरच्या फुलाफुलांच्या प्लास्टिकवर पडलेली असते. खुर्चीवर पाळकसाहेब एकटे बसलेले असतात. पुढ्यात कोंबडीचा रस्सा, भात, शेवयांची खीर. भिंतीला लागून घरातली सगळी माणसं उभी, पुरुष पुढे, बाया दाराशी. कुणी बोलत नाही. पंखा फिरत राहतो आणि पाळकसाहेब जेवत राहतात, आणि आम्ही बघत राहतो.

हे कुठून आलं ते मला माहीत आहे, म्हणून मला ते कधी विचित्र वाटलं नाही. माझं माहेर इथून जवळच्याच एका खेड्यातलं. गावात आमच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. आडत दुकानात आमचं धान्य चालायचं, पण दुकानदार पैसे हातावर ठेवायचा नाही, फळीवर ठेवायचा. अशा घरात महिन्यातून एकदा सायकलवरून पाळक यायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन. घरात एकच खुर्ची होती, त्या खुर्चीत बसून ते आईला म्हणायचे, भूक लागली, काय आहे ते वाढा. आई वाढायची आणि पदराचं टोक तोंडात धरून भिंतीशी उभी राहायची. आम्हा पोरांनाही ओढून आपल्याजवळ उभं करायची. एक शिकलेला, चांगल्या कपड्यांतला माणूस आपल्या घरचा घास खातो आहे, हे तिला डोळे भरून बघायचं असे. ते पाणी प्यायले की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी नंतर कुठल्या सणालाही पाहिलं नाही. ते निघून गेल्यावर उरलेलं आम्ही खायचो, आणि ते कमीच पडायचं, पण त्या दिवशी आई कुणावर ओरडायची नाही.

तेव्हा पाळकांनी आधी जेवायचं आणि घराने उभं राहायचं, हे आमच्यासाठी भक्तीचाच एक भाग होऊन बसलं. पुढे पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या, घरोघरी सहा खुर्च्यांची टेबलं आली. पाच खुर्च्या रिकाम्या ठेवून आम्ही भिंतीला टेकून उभे राहत गेलो. माझी सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच रविवारी ती चुकून पाळकांच्या शेजारची खुर्ची ओढायला गेली. मी तिच्याकडे एकदाच बघितलं. माझं एक बघणं पुरतं, असं माझा मुलगा म्हणतो.

हे पाळकसाहेब आमच्याकडे आले त्याला आठ वर्षं झाली. मूळचे किनवटकडचे, जंगलातल्या एका वाडीतले, वसतिगृहात राहून शिकलेले. उंच, किडकिडीत, चालताना जरा पुढे वाकलेले. प्रवचन छोटं करायचे, त्यामुळे लोकांचं त्यांच्यावर लगेच प्रेम बसलं. आणि त्यांच्याबरोबर पाळकीणबाई होत्या. त्या आल्या की घर हलायचं. दारातून सलाम करून थेट स्वयंपाकघरात शिरायच्या, आमच्यासारखी फतकल मारून खाली बसायच्या, आणि पातेल्यातलंच वाढून घेऊन आम्हा बायांबरोबर जेवायच्या. बाहेर साहेब खुर्चीवर एकटे जेवत असायचे आणि ह्या आतून त्यांच्याशी बोलत असायच्या. रस्सा तिखट झालाय का, आज प्रवचनात ते उदाहरण दोनदा आलं, शर्टावर सांडू नका, एकच धुतलेला आहे. एकदा तर त्या आतून म्हणाल्या, "अहो, हळू जेवा. भात पळून चालला न्हाई." भिंतीशी उभे असलेले आमचे मोठमोठे लोक कसंनुसं हसले होते. मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. पाळकांशी असं बोलतात का, असं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आसपास, त्या तापाने आठ दिवसांत गेल्या. मंडळीने काही कमी पडू दिलं नाही. माती झाली, प्रार्थना झाल्या, महिनाभर डबे गेले. रविवारची जेवणं पुन्हा सुरू झाली तेव्हा लोकांनी हात आणखी सैल सोडला. कुणी मटण केलं, कुणी पुलाव केला. त्यांचं दुःख म्हणून आम्ही आधीपेक्षाही शांत उभे राहू लागलो. खाकरणंसुद्धा बंद. साहेब दोन घास खायचे, पाणी प्यायचे, सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि निघायचे. मान खाली घालून जायचे. बायकोची आठवण, असं आम्ही म्हणायचो, आणि ते खरंच होतं, पण अर्धंच खरं होतं.

मग यंदा ईस्टरच्या आधीचे उपवासाचे चाळीस दिवस लागले आणि त्यांनी सांगितलं की या काळात मी रविवारी कुणाकडे जेवणार नाही. लोकांना बरंच वाटलं. पाळक उपास करतात म्हणजे मंडळीची शोभाच. मी वहीत चाळीस दिवसांची पानं कोरी सोडली. ईस्टर झाला, येशूच्या कबरीवरचा दगड बाजूला झाला, आणि मी पुन्हा नंबर लावले. पहिल्या घराला त्यांनी कळवलं, पोट बरं नाही. दुसऱ्या घराला तेच. तिसरं घर माझं होतं. मी पहाटेपासून खपले होते, कोंबडी केली होती, ताट फडक्यातून काढून राखेने घासलं होतं, आणि उपासना संपल्यावर त्यांनी देवळाच्या पायरीवर माझा हात हातात घेऊन तेच सांगितलं. मी बरं म्हटलं. घरी येऊन ती कोंबडी आम्ही खाल्ली, पण मला ती गोड लागली नाही.

त्याच आठवड्यात मुलाबरोबर मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेले, वर्षाची ज्वारी भरायची होती. दुपारची वेळ. हरभऱ्याची पोती छपरापर्यंत रचलेली, हवेत भुसा तरंगत होता, ऊन त्या भुशातून गाळून येत होतं. सगळं पिवळं आणि पुसट दिसत होतं. पोत्यांच्या सावलीला हमाल गोल करून जेवायला बसले होते, फडक्यांवर भाकरी, ठेचा, कांदे, एका डब्यात अंबाडीची भाजी. त्या गोलात एक पांढरा शर्ट होता. मला आधी वाटलं भास आहे. उन्हाने मला हल्ली असं होतं. मग तो शर्ट हसला. आमचे पाळकसाहेब मांडी घालून बसले होते, एका हमालाच्या फडक्यावरची भाकरी मोडून खात होते आणि कसलीतरी गोष्ट सांगत होते, आणि ती माणसं तोंडात घास घेऊन हसत होती.

मी ज्वारीचा भावही विचारला नाही. तशीच रिक्षात बसून घरी आले. माझं डोकं तापलं की मग मी कुणाची नसते. आमच्या घरची कोंबडी पोटाला चालत नाही आणि हमालांचा ठेचा चालतो? आमचं अन्न परक्यांनी नाकारायचं ते दिवस संपले म्हणून आम्ही देवाचे आभार मानत होतो, आणि आता आमच्याच पाळकांनी ते नाकारलं. आईचा तो भिंतीशी उभा असलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि तिचाच अपमान झाला असं मला वाटलं. मी चार घरी फोन केले. चार घरांतून चाळीस घरांत गेलं.

कमिटी बसली. आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, सरळ मनाचे गृहस्थ. ते म्हणाले की लोक नाराज होऊन राहिले, आणि साहेबांना विचारायला गेलो तर वाद होईल, त्यापेक्षा लातूरला मोठ्या पाळकांना लिहून टाकू, बदलीचं ते बघतील. कुणीतरी म्हणालं की आधी साहेबांशी बोलावं. त्या आवाजाकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. मग सेक्रेटरींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. सुवाच्य, गोल, शाळेत फळ्यावर लिहायचे तसं. आमचे पाळक मंडळीच्या घरी भोजन घेत नाहीत, मोंढ्यात उघड्यावर भोजन करतात, त्यामुळे मंडळीच्या भावना दुखावल्या आहेत, तरी योग्य तो विचार व्हावा. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही पहिली.

पत्र गेल्यावर मला शांत वाटायला हवं होतं. पण दुपारी आडवी झाले की तीच खोली दिसायची, तीच खुर्ची, तोच पंखा, आणि सगळं अगदी गप्प. काहीतरी चुकतंय एवढं कळायचं, काय ते कळायचं नाही. असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका दुपारी, जाग आणि झोप यांच्या मधेच, मला कळलं की मी एका आवाजाची वाट बघते आहे. आतून, स्वयंपाकघरातून, पाळकीणबाई आता काहीतरी बोलतील म्हणून मी कान देऊन पडले होते. आणि तो आवाज येतच नव्हता. मी ताडकन उठून बसले. ह्या माणसाच्या जेवणात दोन वर्षांपासून एक शब्द नव्हता. घरी तो एकटा जेवत होता, आणि आमच्या घरांत पंधरा माणसांच्या देखत एकटा जेवत होता.

मी चपला घातल्या आणि उन्हात तशीच पाळकांच्या बंगल्यावर गेले. ते अंगणात अंबाडीच्या वाफ्याला पाणी घालत होते. सलाम झाला. मला वाकडं बोलता येतं, पण घुमवून बोलता येत नाही, म्हणून मी सरळ विचारलं की आमच्या घरचं जेवण का सोडलं. ते तांब्या खाली ठेवून म्हणाले, "बाई, मोंढ्यातली माणसं माझ्यासंगं जेवतात. आपल्या घरी मला जेवताना बघतात."

आवाजात राग नव्हता. उलट मलाच कुठे लागलं की काय, असं त्यांच्या तोंडावर होतं. वसतिगृहात आम्ही सगळी पोरं एका रांगेत बसायचो, एकटं जेवायची मला कधी सवयच नव्हती, ही होती तोवर चालून गेलं, असं काहीसं ते म्हणाले. मग माझ्या गुडघ्याचं विचारलं, आणि जाताना अंबाडीची एक जुडी हातात दिली. मी कसं चालत घरी आले ते मला आठवत नाही. रस्ता होता, ऊन होतं, माझ्या हातात ती जुडी होती आणि मी आईशी मनात भांडत होते. तू बघायचीस ते बरोबर होतं गं, पण तू कुणी आपल्या घरचं जेवतंय म्हणून बघायचीस. आम्ही मान द्यायचा म्हणून बघत राहिलो.

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरींच्या घरी गेले. पत्र मागे घ्या म्हटलं. ते बिचारे चक्रावले. मी दुसरं पत्र लिहिलं, आमची चूक होती, पाळकांना इथेच राहू द्यावं. लातूरला फोन केला, दोनदा केला. तिकडून फार सौजन्याने सांगण्यात आलं की बाई, नेमणुका ठरून गेल्या आहेत. आठवड्याने मंडळीच्या ग्रुपवर यादी आली. आमचे पाळकसाहेब किनवट तालुक्यात, इस्लापूरकडच्या एका लहान मंडळीत. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मी फोन उपडा करून ठेवला.

शेवटच्या रविवारी नंबर दुसऱ्या घराचा होता. वहीत मी तो खोडून माझं घर लिहिलं, आणि त्या घरच्या बाईला जाऊन सांगितलं की भांडायचं असेल तर नंतर भांड. पाळकसाहेबांना पायरीवर गाठलं आणि म्हटलं, आज पोट बरं असो नसो, यायचं. ते आले.

मी कोंबडी केली नव्हती. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, भात, येसराची आमटी. टेबल भिंतीला सारून खाली सतरंजी टाकली होती आणि पाच ताटं मांडली होती, सगळी सारखी. मुलगा अवघडला होता, सुनेने आनंदाने पटकन बसून घेतलं, नातीने तर पाळकसाहेबांच्या शेजारीच जागा धरली. मी त्यांच्या समोर बसले. प्रार्थना झाली. सगळ्यांनी हात घातला, आणि मला काही घास उचलता येईना. पन्नास वर्षं ज्या पाळकांपुढे मी उभी राहिले होते त्यांच्यापुढे बसून खाणं हाताला जमत नव्हतं. त्याहूनही, त्या पत्राचं सांगायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, लातूरला जे पत्र गेलं ते माझ्या हातचं हाय."

मुलगा जेवायचा थांबला. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. "मला ठाव हाय, बाई. मोठ्या साहेबांनी बोलावून पत्र पुढ्यात ठेवलं होतं. नंबराच्या चिठ्ठ्या दर महिन्याला तुम्हीच लिहिता. पहिल्या ओळीतच वळखलं."

म्हणजे मी उन्हात त्यांच्या अंगणात गेले त्याच्या आधीच. त्यांनी ती जुडी माझ्या हातात दिली तेव्हा त्यांना माहीत होतं. मी विचारलं की मग त्या दिवशी मला जे सांगितलं तेच मोठ्या साहेबांना का नाही सांगितलं, बदली टळली असती. माझा आवाज चढला होता, माझाच मला राग आला होता आणि तो त्यांच्यावर निघत होता.

"तुम्ही विचारलं, म्हणून तुम्हाला सांगितलं. घरातलं घरात," ते म्हणाले. "तिथं काय सांगू? माझी माणसं मला लई मान देतात, अशी तक्रार करू?"

मी रडले. लपवलं नाही, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माफ करा म्हटलं. त्यांनी माझ्या ताटाकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं की आधी जेवा. मी सवयीने त्यांना वाढायला उठू लागले तर त्यांनी हाताने खाली बसवलं आणि भाताचं पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं.

मग ते बोलायला लागले. वसतिगृहातल्या स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली, जंगलात मोहाची फुलं वेचायला जाताना एकदा वाट चुकलेली ती सांगितली, पाळकीणबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांनीच ह्यांना कसे उलट प्रश्न विचारले ते सांगितलं, आणि नात हसून हसून माझ्या अंगावर पडली. तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी आम्ही खरकट्या हातांनी बसलोच होतो. आठ वर्षं मी ह्या माणसाला जेवताना बघितलं होतं, आणि तो जेवताना इतका बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. मंगळवारच्या गाडीचं त्यांचं तिकीट काढून झालं होतं.